साहेबाची तलवार आणि आबांचा पूल

सिंगापूरहून येताना माणसं चॉकलेटं, घडीच्या छत्र्या, गुडघ्याला चोळायचं तेल असं काहीबाही घेऊन येतात. तेल मीही आणलंय, आमच्या आळीतल्या सगळ्या गुडघ्यांना पुरेल एवढं. शिवाय एक भांडण करून आले. ते एका तलवारीवरून झालं. ‘या वयात परदेशात जाऊन भांडणं कसली करता?’ असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

मी सातारा जिल्ह्यातली. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, निवृत्त झाले तेव्हा मेट्रन. त्यामुळं आवाज मोठा आणि सहनशक्ती फक्त रोग्यांपुरती. माझे वडील, म्हणजे आबा, इंग्रजांच्या फौजेत सफरमैना पलटणीत शिपाई होते. सफरमैना म्हणजे लढणाऱ्यांच्या पुढं जाऊन रस्ते आणि पूल बांधणारे, आणि माघारीची वेळ आली की सगळ्यांच्या मागं थांबून तेच पूल उडवणारे. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा आबा तिथं होते. जपान्यांच्या कैदेत गेले. काही शिपाई आझाद हिंद फौजेत गेले, आबा गेले नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी त्यांच्या वतीनं आता काही जुळवून सांगणार नाही. त्यांना कुठल्याशा लांबच्या बेटावर विमानतळ बांधायला नेलं. युद्ध संपल्यावर परत आले ते हाडांचा सापळा होऊन.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघताना पदकवाले म्हातारे पुढं असायचे, छातीवर बिल्ले लावून. मग स्वातंत्र्यसैनिक. आबांना ना हा बिल्ला ना तो, म्हणून ते बायकापोरांच्या पुढं आणि बाकी सगळ्यांच्या मागं चालायचे. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं ‘जपानचा पाव्हणा’. मरेपर्यंत तेच. आबा हसून घ्यायचे. मला लहानपणापासून ते हसणं सहन होत नाही.

यिशुन

२०१५च्या ऑक्टोबरात मी निनादकडं, माझ्या मुलाकडं गेले. तो तिथं एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. राहतो यिशुनला, सिंगापूरच्या उत्तरेकडं. सरकारी वसाहतीच्या उंच इमारती, प्रत्येकीच्या अंगावर मोठ्ठा आकडा रंगवलेला, आणि खिडक्यांतून आडव्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे. अकराव्या मजल्यावरून कुणाचा परकर खाली पडत कसा नाही, याचा उलगडा मला शेवटपर्यंत झाला नाही.

त्या महिन्यात आभाळ दिसतच नव्हतं. शेजारच्या देशातल्या जंगलांना आगी लावलेल्या, त्यांचा धूर वाऱ्यानं इकडं येत होता. सकाळी उठलं की घरभर चूल पेटवल्यासारखा वास. माझी नात ईरा तोंडाला मास्क लावून शाळेत जायची आणि परत आल्यावर मला त्या दिवशीच्या धुराचा आकडा सांगायची. आपल्याकडं पावसाचे मिलिमीटर मोजतात, तिथं धुराचा आकडा.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून घोटाळा झाला. आम्ही घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, जेवायला गेलो. एक टेबल रिकामं दिसलं, वर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवलेलं. काय सोय केलीय म्हणून मी कौतुक केलं, त्यातला एक कागद काढून नाक शिंकरलं आणि ऐसपैस बसले. थोड्या वेळानं एक चिनी बाई ताट घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. तिथं टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली असा रिवाज आहे म्हणे.

“आजी, यू कॅनॉट टेक लाह,” ईरा कपाळाला हात लावून, तिथल्या रिवाजानं शेवटी ‘लाह’ जोडून म्हणाली.

आपल्याकडं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, पण रुमाल टाकणाऱ्यालाही तो रुमाल राखायला आवाज चढवावा लागतो. इथं कागदाचं एक पाकीट राखणीला बसतं आणि सगळा देश त्याला मान देतो. मी त्या बाईंची माफी मागितली. त्यांनी मला शेजारी सरकवून घेतलं आणि स्वतःच्या ताटातला मुळ्याचा तळलेला तुकडा वाढला. त्या पदार्थाला तिथं कॅरट केक म्हणतात. त्यात गाजरही नाही आणि तो केकही नाही. पण चव चांगली होती.

पुलाउ उबीन

शनिवारी निनाद, सून केतकी आणि ईरा यांच्याबरोबर पुलाउ उबीन बेटावर गेले. लाकडी होडी आहे, इंजिनाची. माणसं पुरेशी जमल्याखेरीज नावाडी निघत नाही, अगदी आपल्या वडापच्या जीपसारखं. सिंगापुरात पाय ठेवल्यापासून प्रथमच मला आपल्या गावी आल्यासारखं वाटलं. पत्र्याची घरं, अंगणात कोंबड्या, फणसाची झाडं. सगळे सायकली भाड्यानं घेतात. मी केतकीच्या मागच्या कॅरियरवर बसले आणि चढ लागला की उतरून चालत गेले.

मी पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. खाडीकाठी पिशवी खाली ठेवून आम्ही पलीकडं बघत उभे होतो, तेवढ्यात झाडीतून एक रानडुक्कर आलं, न घाबरता, न धावता, आणि दशम्यांची पिशवी तोंडात धरून निघून गेलं. मी चप्पल काढली तर केतकीनं माझा हात धरला. “आई, इथं प्राण्यांना मारलं तर दंड होतो.” चोर डुक्कर आणि दंड मला. चटणी तेवढी वाचली, ती केतकीच्या पर्समध्ये होती.

पण मला सांगायचंय ते त्या खाडीचं. पलीकडं मलेशिया दिसतो. धुरातसुद्धा झाडं ओळखू येत होती. एवढीशी खाडी, चांगला पोहणारा सहज पार करेल. आबा सांगायचे, मलायातून माघार घेत घेत सगळी फौज सिंगापुरात आली आणि मग मधला बांध उडवून दिला. “साहेब म्हनलं, आता हितनं फुडं जपानी येत न्हाई.” आबांनी हे सांगितलं की मी लहानपणी समुद्र डोळ्यांपुढं आणायचे, अथांग. आणि प्रत्यक्षात ही एवढी खाडी. तिच्या भरवशावर हजारो पोरांना या बेटावर कोंडून ठेवलं होतं. तिथल्या तिथं मला इतका राग आला की डुकराचा राग मी विसरून गेले.

तांजोंग पगार

निनादच्या ऑफिसातले साहेब म्हणजे मिलिंदराव. मूळचे पुण्याचे, आता तिथले नागरिक. तांजोंग पगारला काचेच्या ऑफिसांच्या गर्दीत, जुन्या बैठ्या दुकानांच्या मागं, त्यांचा कॉण्डो, म्हणजे खासगी सोसायटीतला फ्लॅट, आहे. निनादला नोकरी त्यांनीच दिली. त्याचा कामाचा पास वर्षअखेरीपर्यंत नव्यानं करायचा होता आणि त्याची शिफारस मिलिंदरावांच्या हातात होती. पास मिळाला नाही तर गाशा गुंडाळून परत. हे सगळं निनादनं मला एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या सांगितलं. कशासाठी सांगितलं तेही मला कळलं.

मिलिंदराव माणूस वाईट नाही, हे आधीच लिहिते. वाकून नमस्कार केला, “काकू, तुम्ही फौजीच्या कन्या, तुमचे पाय घराला लागले,” म्हणाले. वरण-भात, बटाट्याची भाजी, अळूवडी. सिंगापुरात अळू कुठं मिळतं यावर त्यांच्या बायकोनं मला बराच वेळ समजावलं. जेवण झाल्यावर मिलिंदरावांनी दिवाणखान्यातला दिवा लावला आणि काचेचं कपाट उघडलं.

आत तलवार होती. सरळ, लांब पात्याची, मुठीवर माशाचं खरखरीत कातडं आणि त्यावर तार गुंडाळलेली. पोलिसांचं परमिट काढून त्यांनी ती विलायतेतल्या लिलावातून घेतली होती. “मराठा सफरमैना पलटणीच्या अधिकाऱ्याची आहे, काकू. इथंच लढले, मलायात आणि सिंगापुरात. म्हणजे आपलीच तलवार. यंदाच्या खंडेनवमीला हिची पूजा करायची आणि ती तुमच्या हस्ते.”

मी पात्याजवळ वाकून बघितलं. आपलीच तलवार म्हणे. पात्यावर मुकुट कोरलेला होता आणि मुकुटाखाली विलायतेच्या राजाची अक्षरं. पलटणीच्या नावात ‘मराठा’ आलं की साहेबही मराठा होतो आणि त्याची तलवारही, असा हिशेब परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनाच सुचू शकतो. घरापासून लांब राहिलं की ‘मराठा’ हा शब्द दिसेल तिथं हात जोडावेसे वाटतात. ते मी समजू शकते. मला हसूच आलं होतं आणि हसूनच मी गप्प बसणार होते.

पण तलवारीशेजारी चौकटीत एक छापील कार्ड लावलेलं होतं, साहेबाच्या युद्धातल्या कारकिर्दीचं. लिलाववाल्यांनी तलवारीबरोबर दिलेलं. मी चष्मा लावून वाचलं. साहेब कॅप्टन म्हणून मलायात आले. एक महत्त्वाचा पूल शत्रूच्या माऱ्याखाली त्यांनी एकट्यानं उडवला, त्याबद्दल शौर्यपदक. सिंगापूर पडण्याच्या सुमारास धाडसानं निसटून होडीनं सुमात्रा गाठलं आणि तिथून कोलंबो. मग बढती, ब्रह्मदेशची आघाडी, आणखी बढती, कर्नल म्हणून निवृत्ती. तलवार मात्र सगळं युद्धभर त्यांच्या विलायतेतल्या घरी सुरक्षित होती, हे शेवटी अभिमानानं लिहिलं होतं. म्हणजे तलवारीनं लढाई पाहिली नव्हती आणि तिच्या मालकानं सिंगापूरची अर्धीच पाहिली होती.

शिपायांबद्दल एक शब्द नाही. कार्ड मी दुसऱ्यांदा वाचलं, कुठंतरी ‘आणि त्यांचे जवान’ एवढं तरी असेल म्हणून. नव्हतं.

आता मला ठाऊक आहे की हा आबांचा साहेब होता असं मी म्हणू शकत नाही. आबांना साहेबाचं नाव कधी नीट घेता आलं नाही, ते नुसतं ‘कप्तानसाहेब’ म्हणायचे, आणि कप्तान काय थोडे होते? पण आबांनी सांगितलेला एक पूल मला तोंडपाठ आहे. नदीचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. सुरुंगाच्या दारूच्या पेट्या त्यांनी खांद्यावरून चिखलातून वाहून नेल्या, गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून खांबांना बांधल्या. आपली सगळी फौज पूल ओलांडून गेली. मग कळ दाबली तर पूल उडेना. तोफगोळ्यानं तार तुटली होती. आबा आणि त्यांचा जोडीदार मारुती पुन्हा पाण्यात उतरले. तार जोडली, पूल उडाला. आबा वर आले, मारुती आला नाही. कप्तानसाहेब अलीकडच्या काठावर झाडाखाली होते. आबा हे रागानं सांगत नसत. “हुकूम द्यायाला बी कुनीतरी लागतंच की,” म्हणायचे.

आबांना राग येत नसे. तो सगळा माझ्या वाट्याला आलाय.

मी मिलिंदरावांना शांतपणे म्हणाले, “यातलं ‘एकट्यानं’ तेवढं खोडा आणि खाली ‘हाताखालच्या शिपायांसह’ असं लिहा. मग करते पूजा.”

“काकू, ते कार्ड तलवारीबरोबर आलेलं आहे. त्यावर पेन लावलं तर तलवारीची किंमतच जाते.”

“आणि हे निसटणं?”

“तो पळपुटेपणा नव्हता, काकू. निवडक अधिकाऱ्यांना बाहेर काढायचा वरून हुकूमच होता, मी वाचलंय.”

“असेल. मग त्याला हुकूम म्हणा. धाडस कशाला म्हणता?”

निनादनं माझ्या चपला आणून दारात ठेवल्या.

परतताना गाडीत तो म्हणाला, “आई, साहेबाला जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील. आजोबाही गेले. कुणाचं काय बिघडतंय?”

“माझं बिघडतंय,” मी म्हणाले. “पळणाऱ्याला पदक आणि राहिला तो पाव्हणा. ती तलवार पुजायची म्हणजे मीही गावासारखंच म्हणायचं, की आबांनी मागंच चालावं.”

“शनिवारच्या पूजेत फक्त एक कुंकवाचं बोट लावायचंय. माझ्यासाठी.”

त्याच्यासाठी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? दोन दिवस मी मनाची तयारी करत होते. एक बोट कुंकू, डोळे मिटून. नर्सच्या नोकरीत याहून वाईट गोष्टी डोळे मिटून केल्या आहेत.

शनिवारची खंडेनवमी

पंचांगातली नवमी मधल्या वारी होऊन गेली होती. पण तिथं सण पंचांगावर चालत नाहीत, सुट्टीवर चालतात. नवमी आणि दसरा दोन्ही उचलून शनिवारी संध्याकाळी ठेवलेले. गणपतीही असेच येतात म्हणे, थोडे पुढं-मागं. देवांनाही तिथं रजा काढावी लागते.

कॉण्डोच्या खालच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली होती. पैठण्या, कुर्ते, पुरणपोळीचा वास. आपट्याची पानं कुणीतरी मुंबईहून बॅगेतून आणलेली. एका टेबलावर लाल कापड घालून सगळ्यांनी आपापली शस्त्रं मांडली होती, आणि ते बघून मला बरं वाटलं. खंडेनवमी ही तलवारीची थोडीच असते? ज्यानं पोट भरतं त्याची असते. तिथं लॅपटॉप होते, एका डॉक्टरबाईंचा स्टेथोस्कोप, कुणाच्या तबल्याची हातोडी. आमच्या घरी आबा फावडं, कुदळ आणि पक्कड मांडायचे. मीही नोकरीत असताना कात्री आणि थर्मामीटर ठेवायचे.

मधोमध तलवार. आणि तिच्यापुढं मराठीत मोठा फलक, खास त्या दिवसासाठी बनवलेला: ‘मराठा पलटणीचे शूर सेनानी, ज्यांनी एकहाती पूल उडवला’. इंग्रजीतलं ‘एकट्यानं’ खोडायला पेन मिळालं नाही, मराठीत ‘एकहाती’ छापायला मात्र प्रेस मिळाला.

मिलिंदरावांनी माईकवर माझी ओळख करून दिली, वीरकन्या वगैरे. टाळ्या झाल्या. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन पुढं गेले. बोट कुंकवात बुडवलं. खरं सांगते, मी लावणार होते. निनाद समोरच उभा होता, माझ्याकडं बघत. पण बोट पात्याजवळ गेलं आणि नेमकं त्या मुकुटावर आलं, आणि माझा हात पुढं जाईना.

“मिलिंदराव,” मी म्हणाले, “एकहाती पूल कसा उडवतात ते सांगा मला.”

माईक त्यांच्या हातात सुरूच होता. “काकू, आपण नंतर बोलू या.”

“नंतर नको. पेट्या कुणी वाहिल्या? पाण्यात कोण उतरलं? हा सगळा हॉल पूल बांधणाऱ्या, मशिनं चालवणाऱ्या इंजिनियरांनी भरलाय. एकानं तरी मला सांगावं, एका माणसानं पूल उडतो का ते.”

पुढच्या रांगेतल्या बायका पदर सारखे करू लागल्या. मिलिंदराव हसले, समजूत घालणारं हसू. “काकूंच्या भावना आपण समजू शकतो. पण इतिहासात रेकॉर्डला महत्त्व असतं. आणि राग मानू नका काकू, पण शेवटी तुमचे वडील शरण आले. साहेब निदान निसटले आणि पुन्हा लढले.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पारावर, पाणवठ्यावर, शाळेत. ते ऐकायला विमानात बसून इतक्या लांब यावं लागेल असं वाटलं नव्हतं, आणि तेही पुरणपोळीच्या वासात.

“शरण यायचं का, असं शिपायाला कुणी विचारतं का?” माझा आवाज चढला होता, दवाखान्याच्या वॉर्डात चढायचा तसा. “सह्या साहेबांनी केल्या. मग हिंदी शिपायांना गोऱ्यांपासून वेगळं काढून मैदानात बसवलं, एका साहेबानं कागद वाचला, आजपासून तुम्ही जपान्यांचे, आणि तो निघून गेला. गाय बाजारात देतानासुद्धा माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवतो. माझा बाप शेवटपर्यंत हुकमात होता. हुकूम देणारे होडीत बसले. तुमची तलवार तुम्ही पुजा.”

मी तबक टेबलावर ठेवलं. मिलिंदरावांचा चेहरा उतरला होता, पण कार्यक्रम तर पुढं न्यायला हवा. ते म्हणाले, “ठीक आहे. काकूंची तब्येत ठीक दिसत नाही. निनाद, तू ये. फौजीच्या नातवाच्या हस्ते करू.”

मी बोलून मोकळी झाले होते, किंमत त्याला द्यायची होती. तो पुढं आला. साहेब बोलावतायत म्हटल्यावर येणारच. मी मनात म्हणत होते, लाव बाबा कुंकू, मी बघत नाही, तुझं घर चालू दे.

निनाद टेबलापाशी उभा राहिला. त्यानं फलक वाचला, सगळा, सावकाश. मग वळून मिलिंदरावांना म्हणाला, “सर, आजोबा शरण आले नव्हते. त्यांना देऊन टाकलं होतं.” तो कधी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही. पण त्याच्यापुढं माईक होता.

त्यानं खिशातलं ऑफिसचं ओळखपत्र काढलं, जे गळ्यात घालून तो रोज कामाला जातो. ते लॅपटॉपांच्या रांगेत ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि परत उचललं. तलवारीकडं वळलासुद्धा नाही. “चल आई,” म्हणाला.

आम्ही न जेवता निघालो. केतकीनं निघताना मिलिंदरावांच्या बायकोचा हात हातात घेतला, तेवढं तिनं बरं केलं. यिशुनला पोचून हॉकर सेंटरमध्ये माशांच्या रश्श्यातल्या शेवया खाल्ल्या, नवमीला. मी निनादला विचारलं, “पासाचं काय रे होईल?”

“बघू,” तो म्हणाला आणि रस्सा पीत राहिला.

शिफारस गेली का, असं मला बरेच जण विचारतात. हे लिहीपर्यंत गेलेली नाही. मिलिंदराव ऑफिसात नीट बोलतात, चहालाही बोलावतात, पण कागद पुढं सरकत नाही. तलवार त्याच कपाटात आहे आणि कार्डही तेच.

मैदान

रविवारी दुपारी निनाद आपण होऊन म्हणाला, “ते मैदान कुठलं, सापडलं मला. जाऊ या.”

लिटल इंडियाच्या कडेला, फेरर पार्क म्हणतात. चहूकडं इमारती आणि मध्ये गवताचं मोठं मोकळं पटांगण, दोन्ही टोकांना फुटबॉलचे खांब. धूर त्या दिवशी जरा निवळला होता. मला वाटलं होतं, तिथं गेल्यावर मला काहीतरी होईल, रडू येईल. तसं काही झालं नाही. गवत होतं, ओलसर. कडेला काही पोरं बूट बांधत होती.

“आजोबा कुठं बसले असतील?” निनादनं विचारलं.

“मला काय ठाऊक? हजारो माणसं होती. आबा म्हणायचे, उन्हात बसवलं आणि पाणी नव्हतं.”

तो मैदानाच्या साधारण मध्यापर्यंत चालत गेला आणि गवतावर बसला, चांगल्या पँटीत. मग मीही गेले. गुडघे दुखत होते, तरी त्याच्या खांद्याला धरून बसले. मी एवढंच बघत होते की इथून बाहेरचा रस्ता किती जवळ आहे. उठून चालू लागलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि तरी एकही जण उठला नाही, कारण तसा हुकूम होता.

थोड्या वेळानं गळ्यात शिट्टी अडकवलेला एक पोक्त गृहस्थ आमच्याकडं आला. पंच असावा. अदबीनंच म्हणाला, “आंटी, हिअर कॅनॉट सिट. मॅच स्टार्टिंग सून, लाह.”

निनाद उठायला लागला. मी हात धरून त्याला खाली बसवलं.

“त्याला सांग,” मी म्हणाले, “माझा बाप इथं बसला होता, तेव्हा त्याला उठवायला कुणी आलं नव्हतं.”

निनादनं ते एकही शब्द न बदलता सांगितलं.